केवळ फुलांसाठी

आपल्याकडे माणूस घराबाहेर पडतो तो कारण घेऊनच पडतो. पिशवी विसरली तर चालते, कारण विसरून चालत नाही. गल्लीच्या तोंडाशी भेटणारा पहिला माणूस ‘कुठं निघालात?’ म्हणून विचारतो आणि दुसरा ‘काय काम काढलंत?’ म्हणून विचारतो. पहिल्याला गावाचे नाव सांगून सुटता येते. दुसऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावे लागते. लग्न, मयत, बारसे, कोर्टाची तारीख, दवाखाना, देवदर्शन, शेताची मोजणी ही सगळी चालणारी नाणी आहेत. ती पुढे केली की विचारणारा मान डोलावून बाजूला होतो. ‘फुले पाहायला जातो’ हे नाणे मात्र आपल्या बाजारात चालत नाही. ते वाजवून पाहिले जाते, उलटेपालटे केले जाते आणि शेवटी ‘ते असू द्या, पण खरं काम काय?’ असे म्हणून परत केले जाते.

आम्ही राहतो त्या विष्णुपुरीचेच पाहा. नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागून गोदावरी ओलांडली की आमची वस्ती येते. इथे उतरणारा प्रत्येक जण कारण हातात धरूनच उतरतो. तरुण मुले अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे नाहीतर पुढे विद्यापीठाकडे वळतात. डब्याची पिशवी आणि एक्स-रेचे पाकीट घेतलेली माणसे सरकारी दवाखान्याची वाट धरतात. बेलाची पाने घेतलेल्या बायका काळेश्वराकडे निघतात. काळेश्वराजवळ बंधाऱ्याचे पाणी पसरले आहे, त्याला शंकरसागर म्हणतात. संध्याकाळी ते पाणी फार सुंदर दिसते. पण नुसते पाणी पाहायला आलो असे कबूल करणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. येणारा आधी देवाला हात जोडतो आणि मग, जणू सहज, पाण्याकडे पाहत बराच वेळ उभा राहतो.

अशा गावात राहून आम्ही नवराबायकोने जपानला फुले पाहायला जाण्याचा बेत केला आहे. बेत येत्या एप्रिलअखेरचा. आमची मुलगी नोकरीनिमित्त तोकियोजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी तिने फोनवर एक लहानशी फिल्म पाठवली. मांडवावर चढवलेला एक वेल, आणि त्या मांडवाखाली हात-हात लांबीचे जांभळे घोस इतके दाट लोंबत होते की खालून चालणाऱ्या माणसांची डोकी त्यांत बुडाल्यासारखी वाटत होती. ह्या वेलाला विस्टेरिया म्हणतात. जपानी लोक त्याला फुजी म्हणतात. (त्या प्रसिद्ध पर्वताचा ह्याच्याशी संबंध नाही, दोन्ही नावे लिहायची अक्षरे निराळी आहेत.) माझ्या पत्नीने ती फिल्म तीनदा पाहिली आणि मुलीला एकच प्रश्न विचारला, “वास येतो का गं?” मुलगी म्हणाली, “येतो. पण तो फोनमधून कसा पाठवू?”

जावे असे आमच्या मनात आले ते त्या वेळी. त्यापेक्षा मोठे कारण आजही आमच्याजवळ नाही.

तो वेल आहे तोकियोच्या उत्तरेस आशिकागा गावाच्या बागेत. त्याचे वय दीडशे वर्षांच्या वर आहे. पण तो मूळचा त्या जागेचा नव्हे. १९९६ साली त्याला जुन्या बागेतून उपटून सुमारे २० किलोमीटरवर आणून लावले. एवढा जुना वेल हलवला तर मरणार, असे जाणकारांचे मत होते. त्सुकामोतो कोनामी नावाच्या एका वृक्षवैद्य बाईंनी ते काम अंगावर घेतले. दोन वर्षे त्यांनी तयारी केली. वेलाचे खोड मऊ, दोर बांधून उचलावे तर साल सोलून निघणार. तेव्हा मोडलेल्या हाताला घालतात तसे त्यांनी खोडाला प्लास्टर घातले आणि मग ते उचलले. वेल जगला. आज त्याचा मांडव सुमारे १,००० चौरस मीटरवर पसरला आहे, म्हणजे आमच्याकडच्या ऐपतदार लग्नाच्या मांडवाएवढा. फुले ओसरली की माळी वाळलेले घोस खुडून टाकतात, कारण शेंगा धरू दिल्या तर वेलाची शक्ती त्यांत जाते. म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या फुलांसाठी वर्षभर माणसे राबतात, आणि त्यातून खायला, विकायला, साठवायला काहीही येत नाही. शेंग येऊ द्यायचीच नाही अशी ही शेती!

त्या बागेची आणखी एक रीत मला फार आवडली. प्रवेशाचे दर तिथे कायमचे ठरलेले नसतात. फुले किती उमलली आहेत ते पाहून दर वरखाली होतात. फुलोरा कमी तर पैसे कमी, भर आला की जास्त. आनंदाला आनंद म्हणून किंमत लावायची आणि ती दारावरच सांगायची, हा रोखठोकपणा आपल्याकडे कुठे पाहिल्याचे मला आठवत नाही.

बेताची बातमी नात्यागोत्यात गेली तसे आमचे हितचिंतक मदतीला धावले. जाऊ नका असे कोणीच म्हणाले नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने आम्हांला एकेक कारण देऊ केले. एक आतेभाऊ म्हणाले, “तिकडं बुद्धाची मोठमोठी देवळं आहेत. तीर्थयात्राच समजा.” पत्नीच्या बहिणीने सुचवले, “गुडघा दाखवायला चाललो म्हणावं. जपानी डॉक्टर हुशार असतात.” ह्यावर पत्नी म्हणाली, “माझा गुडघा दुखत नाही. जाण्यासाठी दुखवून घेऊ का?” शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी तर मला खाजगीत बोलावून सांगितले, “मुलीला बरं नाही असं सांगून टाका. कोणी पुढचं विचारणार नाही.”

ह्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना आमची लाज झाकायची होती. मला कुतूहल वाटले ते ह्याचे की, लाज नेमकी कशाची? पैसा आम्ही कोणाकडून उसना घेतलेला नाही. उन्हाळ्यात, पारा बेचाळिसावर असताना, घरदार सोडून थंड प्रदेशात जाणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. पण ते ‘हवापालट’ म्हणतात. हवापालट प्रकृतीसाठी असते. तीर्थयात्रा परलोकासाठी असते. मुलांना किल्ला दाखवायला नेणे शिक्षणासाठी असते. ज्या गोष्टीचा फायदा तिच्या बाहेर कुठेतरी दाखवता येतो, तिला आपण परवानगी देतो. जिचा फायदा तिच्यातच संपतो तिला आपल्या भाषेत शब्द आहे ‘हौस’. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. म्हणीचा अर्थ एवढाच की, हौस असली म्हणजे माणूस किंमत पाहत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती मी ज्या सुरात ऐकली आहे त्यावरून मला नेहमी वाटत आले की, ‘ह्या गोष्टीची किंमत आमच्या हिशेबात शून्य धरली आहे’ असेही तिच्यातून सांगितले जाते.

तर प्रश्न असा की, नुसता आनंद हे पुरेसे कारण आहे का? आणि नसेल, तर त्याला दुसऱ्या कारणाचा अंगरखा घालून नेले तर बिघडले कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आधी सापडले, आणि ते माझ्या धाकट्या भावामुळे सापडले. आमची आई शहाऐंशी वर्षांची आहे आणि ती आमच्याजवळ विष्णुपुरीला असते. आम्ही दोन-अडीच आठवडे परदेशी जायचे तर भावाने आणि भावजयीने तिचे पाहायला हवे. भाऊ कंधार तालुक्यात शेती करतो. त्याच्या घरी हळद आहे, गुरे आहेत, उन्हाळ्यात लग्नाची गर्दी आहे. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सोयाबीन उभ्या शेतात कुजले, त्यात त्याचेही गेले. त्याची ओढाताण अजून संपलेली नाही. त्याला मी काय सांगायचे? ‘मुलगी आजारी आहे’ म्हटले असते तर तो एका शब्दाने हो म्हणाला असता. हो म्हणण्यावाचून त्याला गतीच नव्हती. आजारपणाला नाही म्हणणारा भाऊ आमच्याकडे भाऊ राहत नाही. खोट्या निमित्ताचा खरा दोष मला इथे दिसतो. खोटे बोलू नये हे तर आहेच, ते शाळेत शिकवतात. पण खोटे निमित्त समोरच्या माणसाचा नकार काढून घेते. त्याची सोय, त्याचे कष्ट, त्याची हळद तराजूत घालण्याची संधीच त्याला मिळत नाही, कारण दुसऱ्या पारड्यात मी आधीच एक खोटा, जड दगड ठेवलेला असतो. त्याच्या चांगुलपणाची ही चोरीच झाली.

‘फुले पाहायला जायचे आहे’ असे म्हटले म्हणजे तराजू मोकळा राहतो. मी भावाला तसेच सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, “किती दिवस?” मी सांगितले. तो म्हणाला, “हळद शिजवून वाळवून झाली असली तर येतो. नसली तर ही येईल, मी येऊनजाऊन राहीन. पण तारीख पक्की सांग.” आता फुलांची तारीख पक्की कशी सांगावी? त्या बागेत एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आधी फिकट गुलाबी, मग जांभळा, मग पांढरा अशा रांगेने फुजी फुलतात, आणि थंडी किती टिकली त्यावर सगळे आठवडाभर मागेपुढे होते. हे मी त्याला समजावून सांगितले. तो हसून म्हणाला, “म्हणजे आमच्या पावसासारखंच की. मग ठीक आहे.” त्याने हो म्हटले ते त्याचे स्वतःचे हो होते, आणि उद्या त्याने नाही म्हटले असते तर आम्ही गेलो नसतो.

मुलीच्या बाबतीतही तसेच घडले. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचे प्रयोजन लिहावे लागते. नातेवाइकांना भेटायला जायचे तर तिकडून मुलीने निमंत्रणाचे पत्र पाठवायचे. पर्यटनाला जायचे तर कोणत्या दिवशी कुठे असणार त्याचा तक्ता द्यायचा. मुलीकडेच उतरणार, तेव्हा पहिले कारण खोटे नव्हतेच. पण तिला वाईट वाटेल का, की आईवडील आपल्याला सोडून एका वेलाला भेटायला येत आहेत? मी भीतभीत विचारले. ती म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी आलात तर मला रजा काढून तुमच्यासमोर बसावं लागेल. फुलांसाठी आलात तर मीही तुमच्याबरोबर येईन.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी निमित्त करणाऱ्या सगळ्यांनाच दोषी धरले असे होईल. माझी आई तरुणपणी पंढरपूरला गेली होती. गावातल्या बायकांबरोबर, डोक्यावर गाठोडे घेऊन. त्या प्रवासाच्या हकिगती मी लहानपणापासून ऐकतो. तीत विठोबाचे दर्शन एका वाक्यात आटोपते. उरलेली हकीगत चंद्रभागेच्या वाळवंटाची असते, पहाटेच्या धुक्याची असते, बार्शीच्या स्टँडवर पहिल्यांदा खाल्लेल्या बर्फाच्या गोळ्याची असते. एकदा मी तिला विचारले, “आई, तू देवासाठी गेलीस की नदीसाठी?” ती म्हणाली, “नदीसाठी जाते म्हणले असते तर तुझ्या आजानं जाऊ दिलं असतं का?” तिने देवाला फसवले असे मी म्हणणार नाही, तिची भक्ती खरी होती आणि आहे. पण आपल्या कितीतरी पिढ्यांतील बायकांनी जग पाहिले ते वारीच्या, नवसाच्या, माहेरच्या आडोशाने. ज्या घरात नाही म्हणण्याचा हक्क एकाच बाजूला असतो, तिथे दुसऱ्या बाजूजवळ निमित्ताखेरीज हत्यार तरी कोणते असते? तिथे दोष निमित्त करणारीचा नाही, निमित्त करायला लावणाऱ्या घराचा आहे. माझी गोष्ट निराळी. मी घरातला थोरला मुलगा, पेन्शन माझी, शब्द माझा. मी जर निमित्त पुढे केले तर ते दुबळ्याचे हत्यार राहत नाही. ती बळवंताची लबाडी होते.

आता पहिला प्रश्न. नुसता आनंद पुरेसा आहे का?

जपानी लोकांनी ह्याचे उत्तर फार पूर्वी देऊन टाकलेले दिसते. त्यांच्याकडे चेरीची फुले पाहायला जाण्याला स्वतंत्र शब्दच आहे, ‘हानामी’, म्हणजे फुले पाहणे; पुढे काही नाही. हजार वर्षांपूर्वी मुरासाकी शिकिबू ह्या बाईंनी लिहिलेल्या ‘गेंजी’च्या कथेत एका राणीचे नावच फुजित्सुबो आहे, तिच्या महालाच्या अंगणात फुजी होता म्हणून. ४ मे हा दिवस तर तिथे झाडापानांच्या नावाने सरकारी सुटीचा आहे. आमच्या कचेरीत रजेच्या अर्जावर ‘कारण : झाडे पाहणे’ असे कोणी लिहिले असते तर साहेबाने त्याला दवाखान्यात पाठवले असते.

क्योतो शहरी चेरीची फुले भरात कधी येत त्याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. राजदरबारातल्या लोकांनी आपल्या रोजनिशांत फुलांच्या मेजवान्यांचे दिवस लिहून ठेवले होते. त्या जोडून आजच्या शास्त्रज्ञांनी बाराशे वर्षांच्या हवामानाचा माग काढला. २०२१ साली क्योतोची फुले २६ मार्चला भरात आली. साऱ्या नोंदींत इतकी लवकर ती कधीच आली नव्हती. पृथ्वी तापते आहे आणि शहरेही तापत आहेत, त्याचा हा पुरावा. काही लोक हे उदाहरण फुले पाहणाऱ्यांच्या बाजूने साक्षीला उभे करतात: पाहा, त्यांच्या हौसेचा शेवटी उपयोग झाला! मला ती साक्ष नको आहे. त्या दरबारी मंडळींनी साके प्यायली, कविता केल्या आणि ते घरी गेले. बाराशे वर्षांनंतरच्या उपयोगाने त्यांच्या त्या दुपारची किंमत तसूभरही वाढत नाही. उपयोग काढून दाखवला तरच आनंद माफ, असे म्हणणे म्हणजे पुन्हा तोच अंगरखा.

पण ह्या उदाहरणात आमच्यासाठी एक काटा आहे, तो लपवून चालणार नाही. आम्ही विमानाने जाणार. विमानाच्या धुराने हवा तापते, आणि हवा तापली की फुलांची तारीख सरकते. म्हणजे ज्याला भेटायला जायचे त्याच्याच दाराशी थोडा विस्तव टाकून यायचे. दोन माणसांच्या धुराने काय होते, असे म्हणता येईल. प्रत्येक विमानातले प्रत्येक माणूस तेच म्हणते.

दुसरा काटा घरचा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. लातूर आमच्यापासून लांब नाही. आमचे नातलग तिथे आहेत, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेला पाहुणा आंघोळ न करता परत यायचा. अशा मुलखातल्या माणसाने आपल्या पेन्शनचे कित्येक महिने एका वेलाच्या दर्शनासाठी खर्च करावेत का? ‘मी गेलो नाही म्हणून त्या पैशाचे पाणी होणार आहे थोडेच?’ हे उत्तर तोंडावर येते. पण ते उत्तर सोपे आहे, आणि सोप्या उत्तरांविषयी मला संशय वाटतो. पैशाचे पाणी होत नाही हे खरे. पण भावाच्या विहिरीचा गाळ निघू शकतो, पुतणीची फी भरता येते. तेव्हा आम्ही बसून हिशेब केला. पुतणीच्या ह्या वर्षीच्या फीचे पैसे आधी बाजूला काढले. विहिरीचे भाऊ नको म्हणाला. तो म्हणाला, गाळ काढायला मजूर मिळत नाहीत, पैशाने अडलेले नाही. आईच्या औषधपाण्याची रक्कम वेगळी ठेवली. उरले त्यात जाणे बसते, एकदा. दरवर्षी बसणार नाही आणि बसवायचेही नाही. धुराचे वजन ह्या हिशेबात कुठे लिहावे ते मला अजून कळलेले नाही. ‘एकदाच’ ह्या शब्दात ते थोडेसे भरून निघते, सगळे नाही.

म्हणजे आनंद पुरेसा आहे की नाही ह्याचे मला सापडले ते उत्तर असे की, तो वहीत स्वतःच्या नावाने लिहिला तर त्याची बेरीज-वजाबाकी करता येते. शून्य धरला तर येत नाही, आणि अनंत धरला तरी येत नाही. आमच्या आधीच्या पिढीने शून्य धरला. आताच्या जाहिराती अनंत धरायला सांगतात. आयुष्य एकदाच मिळते, उधारीवर जा, असे त्यांचे म्हणणे. दोघांच्याही वहीत भावाच्या हळदीला जागा नाही.

आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक मात्र वेगळ्याच बाजूने आले. ते म्हणाले, “अहो, कुठंही जा, पळसाला पानं तीनच. फुलंच बघायची तर आपला किनवटचा पळस काय वाईट आहे?” म्हण बरोबर आहे. पण पाहा, आपल्या पूर्वजांनी पळसाची पाने मोजली, कारण पानांच्या पत्रावळी होतात. फुलांवर म्हण केली नाही. आणि गंमत अशी की प्राध्यापकांना ठाऊक नसेल, पण फुजी आणि पळस एकाच कुळातले, शेंगांच्या कुळातले. तूर, हरभरा, सोयाबीन हेही त्याच घराण्यातले. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा आमच्याकडे शेताच्या बांधावर तूर फुलू लागलेली असेल. तिचे एक पिवळे फूल तोडून जवळून पाहा: मागे एक मोठी पाकळी ध्वजासारखी उभी, दोन बाजूंना दोन पंख, आणि मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. आशिकागाच्या त्या जांभळ्या घोसातले प्रत्येक फूल नेमके ह्याच घडणीचे आहे. पळसात हीच होडी वाकून पोपटाची चोच होते.

प्राध्यापकांचे म्हणणे आम्ही मानले. गेल्या फाल्गुनात नांदेडहून रेल्वेने किनवटला गेलो, केवळ पळसासाठी. रूळ रानातून जातात. साग पानगळीने ओकाबोका झालेला, आणि त्यात मधूनच, एकही पान अंगावर नसलेला पळस पेटल्यासारखा उभा. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाणारा माणूस हे दरवर्षी एसटीच्या खिडकीतून फुकट पाहतो, तेव्हा गाडीत शेजारी बसलेल्या बाईने पत्नीला साहजिकच विचारले, “माहूरला का?” पत्नी म्हणाली, “पळस बघायला.” बाईने तिच्याकडे जरा काळजीने पाहिले. मग तीही खिडकीबाहेर पाहू लागली आणि पुढच्या स्टेशनापर्यंत पाहतच राहिली. एवढ्या जवळ येऊन देवीला न जाणे पत्नीच्या मनाला पटेना. ती म्हणाली, “जाऊ या. पण तिला खरं सांगायचं. फुलं बघायला आलो होतो, म्हणून तुझ्याकडंही आलो.” रेणुकेला ह्याचा राग आला असेल असे मला वाटत नाही.

तरी पळस पाहिला म्हणून फुजी पाहून झाला असे काही झाले नाही. एका पोराचे बारसे जेवलो म्हणून दुसऱ्याचे कोणी टाळत नाही.

राहिली आई. हिशेबात न मावणारी गोष्ट तीच आहे. शहाऐंशीव्या वर्षी दोन-अडीच आठवडे म्हणजे थोडे नव्हेत. आम्ही तिकडे मांडवाखाली उभे असू आणि इकडे काही बरेवाईट झाले तर पोचायला दोन दिवस लागतील. हे तिच्याशी बोलावे की बोलू नये ह्यावर आम्ही दोघे आठ दिवस घोळत होतो. शेवटी तिनेच विषय काढला. एका संध्याकाळी तूर निवडता निवडता म्हणाली, “कशाला जायलाव रे इतकं लांब?”

“फुलं बघायला, आई.”

“तुरीला फुलं नसतात का?”

मी तिला फिल्म दाखवली. तिने डोळे बारीक करून ती शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, “मी मधीच गेले तर?” मला काही बोलता येईना. तीच पुढे म्हणाली, “गेले तर ठेवतील दोन दिवस बर्फावर. आता असतो म्हणे दवाखान्यात. धाकट्याला म्हणावं, घाई करू नको.” आणि पुन्हा तूर निवडू लागली. हे तिने मनापासून सांगितले की आमच्यासाठी सांगितले, ते ओळखण्याची युक्ती मला ह्या वयातही साधलेली नाही. आम्ही तिकिटे अजून काढलेली नाहीत. फेब्रुवारीत तिची प्रकृती पाहून काढू, महाग पडली तरी.

थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या येलाला शेंग येते का?”

“येते. पण बागेतले लोक ती धरू देत नाहीत. आणि ती विषारी असते.”

“बी आण की एखादं. बांधाला लावू.”

परदेशातून बी आणायला परवाना लागतो, ते बियापासून लावले तर फुलायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि आपल्या उन्हाळ्यात ते टिकेलसे वाटत नाही, हे सगळे मी तिला सविस्तर सांगितले. तिने ऐकून घेतले. सूप झटकले.

“मग नुसतं बघून या,” ती म्हणाली.